ओळ संपू दे

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, रात्री किती वाजता परत येणार हेही विचारलं नाही. समोरच्या खुर्चीत बसवलं, कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "चार ओळी टाइप कर. काहीही."

मी केल्या. त्या पूर्ण वेळ माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"काय करतेस म्हणालीस?"

"सॉफ्टवेअर कंपनीत आहे. इथेच, हडपसरला."

"आणि दिवसभर हेच? दोन बोटांनी?"

"तीन," मी म्हटलं.

"तिसरं नुसतं बघायला येतं."

खोली मिळाली. बार्शीहून पुण्यात येऊन मला जेमतेम महिना झाला होता आणि पुणेरी होकार असाच असतो हे अजून कळायचं होतं.

हडपसर गावठाणात, भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत बाईंचं दुमजली घर होतं. वर भाडेकरूंच्या खोल्या, खाली मागच्या बाजूला त्या एकट्या, आणि पुढे रस्त्याला लागून त्यांची टायपिंगची खोली. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या होता, तो सणावाराला यायचा. उमेदीची सगळी वर्षं बाईंनी बुधवार पेठेत टायपिंगचा क्लास चालवला होता. खाली रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांची दुकानं आणि वर ओळीने मांडलेल्या यंत्रांवर 'ए एस डी एफ जी एफ' बडवणारी पोरं. निम्म्या पुण्याचे कारकून आपल्या हाताखालून गेले असं त्या सांगत, आणि लगेच पुढे म्हणत, "म्हणून फायली हलत नाहीत असं नाही हो. मी वेग शिकवला होता. त्यांनी तो घरी ठेवला."

टाइपरायटर गेले तेव्हा बाईंनी सगळी यंत्रं भंगारात काढली आणि साठी उलटल्यावर कॉम्प्युटर घेतला. त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. "यंत्रं जायचीच. बोटं कुठे गेली?"

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे टायपिंग स्वस्त होतं, तरी बाईंकडे माणसं यायची. भाडेकरार, अर्ज, लग्नाचे बायोडाटा, आणि निवृत्त लोकांच्या आठवणी. ज्यांना हातात कागद न घेता नुसतं तोंडी सांगायचं असे, ती सगळी बाईंचीच गिऱ्हाइकं. पहिल्यांदा आलेला माणूस खोलीत शिरला की गोंधळायचा, कारण मॉनिटर बाईंच्या समोर नसायचाच. त्याचं तोंड गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे. बाईंच्या पुढ्यात फक्त कीबोर्ड आणि मोकळी भिंत. त्या भिंतीवर त्यांनी कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नव्हतं. समोर अक्षर दिसलं की बोटं वाचायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकाला सांगायच्या, "पडदा तुमच्यासाठी आहे. चूक दिसली तर सांगा. दिसायची नाही."

जेवायच्या आधी आणि टाइप करायच्या आधी हात धुवायचे, हा नियम. चूक झालीच तर खोडत बसायचं नाही, पान नव्याने करायचं, हाही नियम. कॉम्प्युटरवर एक अक्षर सहज पुसता येतं हे त्यांना पटत होतं, पण आवडत नव्हतं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, ओळ संपू दे. बाई टाइप करत असताना दारात कोणीही आलं, काहीही बोललं, तरी त्यांची मान हलायची नाही. ओळ संपली की मग, "हं, बोला." गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा राहायचा. एकदा निवडणुकीचे उमेदवार हात जोडून, पाठीमागे पन्नासेक माणसं घेऊन आले. बाईंचा परिच्छेद मोठा होता. उमेदवारांचे हात जोडलेलेच राहिले. मागे ढोलवाला होता, त्याने दोनदा वाजवून बघितला आणि थांबला. परिच्छेद संपवून बाई वळल्या, म्हणाल्या, "झालं. या." त्या वॉर्डात तेवढी शांतता त्यांना कुठेच मिळाली नसेल.

कानावर शब्द पडले की त्यांची बोटं हलायची. बसमध्ये पर्सवर, देवळात मांडीवर. शेजारच्या लग्नात माझ्या शेजारी बसल्या होत्या. मंगलाष्टकं चालली होती, लोक अक्षता टाकत होते आणि बाई पर्सवर टाइप करत होत्या. जेवताना म्हणाल्या, "गुरुजींनी तिसऱ्या अष्टकात दोन शब्द खाल्ले." मग जिलबीचा तुकडा तोंडात टाकून, "पण लग्न लागलं म्हणायचं."

मला दुपारची पाळी असायची, त्यामुळे सकाळ मोकळी. बाईंनी मला दहा बोटांनी टाइप करायला शिकवायला घेतलं. फी नव्हती, सुटकाही नव्हती. करंगळी आळशी पडली की त्या तिच्यावर पट्टीने हलकेच टिचकी मारत आणि म्हणत, "हिला पगार कशाचा?"

त्याच खोलीत मी चाचांना नीट ओळखायला लागले.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. हात असे की बंद पडलेलं मशीन त्यांनी नुसतं चाक फिरवून ऐकलं तरी आजार सांगत. पण तोंडाने सांगायची वेळ आली की अडचण. चाचा फार अडखळत बोलायचे. शब्द ओठांपर्यंत येऊन अडकायचा, मान एका बाजूला ओढली जायची, डोळे घट्ट मिटायचे. समोरच्याला ते बघवायचं नाही. मग गिऱ्हाईकच शब्द पुरवायचं. "उद्या? परवा? पट्टा गेलाय? सुई?" चाचा त्यातला जवळचा एखादा शब्द मान हलवून घेऊन टाकायचे. माझ्या मैत्रिणीचं मशीन खरं तर दुसऱ्याच दिवशी तयार होतं. मी घाईने 'परवा का?' म्हटलं, आणि ते बिचारं आणखी एक दिवस तिथे बसलं.

चाचा बाईंकडे येऊ लागले ते मुलासाठी. मुलगा हिंजवडीत एका कंपनीत होता, तिकडेच खोली घेऊन राहायचा, क्वचित यायचा. त्याचं लग्न ठरत होतं. बोलणी करायला चाचांनी नेहमीप्रमाणे मेहुण्याला पुढे केलं आणि स्वतः मागे बसले. त्यावरून घरी परतल्यावर मुलगा भडकला. शाळेत कधी आला नाहीत, कॉलेजात कधी आला नाहीत, आता लग्नातही मामूच का? तुम्हाला माझ्याशी काही देणंघेणंच नाही. असं बोलून तो निघून गेला. हे सगळं मला पुढे बाईंकडून कळलं, तेही तुटक तुटक.

चाचांना मुलाला उत्तर द्यायचं होतं. लिहिता फारसं येत नव्हतं, आणि फोनवर आवाज भरून पाठवायचा तर स्वतःचा आवाज ऐकणं त्यांना सोसायचं नाही. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, वाचायचा मराठीच. म्हणून ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुकान ओढून घेऊन बाईंकडे यायला लागले. खुर्ची त्यांनी स्वतःच रस्त्याकडे वळवली. त्यांची पाठ पडद्याकडे, बाईंचं तोंड भिंतीकडे. कोणी कोणाकडे बघत नाही म्हटल्यावर चाचांचे शब्द जरा मोकळे व्हायचे. मी वरून उतरताना दारातून दिसायचं ते एवढंच. एक माणूस रस्त्याला काहीतरी सांगतोय आणि एक बाई भिंतीसमोर बसून ते घेतेय.

एका दुपारी त्यांचं बरंच सांगून झालं. चाचा घाम पुसत, पण खुशीत गेले. बाईंनी मला हाक मारली. टाइप केलेलं वाचून दाखवायचं काम माझं असे. मी पडद्यावरचं वाचू लागले. तिसऱ्या परिच्छेदाशी बाई म्हणाल्या, "थांब. शाळेचं कुठे गेलं?"

"शाळेचं काही नाहीये बाई."

"आहे. पाचसहा ओळी आहेत. नीट बघ."

मी वरखाली सगळं पाहिलं. शाळेचं नव्हतं. आधीचा परिच्छेद संपत होता आणि पुढचा एकदम लग्नाच्या बोलण्यापासून सुरू होत होता. मधे काही होतं याची खूणसुद्धा नव्हती. आम्ही बघत असतानाच पडद्याच्या मध्यभागी एक चौकट टपकली. व्हायरसपासून संरक्षणाची मुदत संपत आली आहे, आता नूतनीकरण करायचं की नंतर? तेव्हा माझ्या लक्षात आलं.

पडद्यावर एका वेळी कितीही खिडक्या उघड्या असल्या तरी आपण टाइप करतो ते त्यातल्या एकाच खिडकीत जातं. जिच्याकडे जातं तिच्याकडे फोकस आहे असं आम्ही म्हणतो. ही चौकट न विचारता येत होती आणि आल्याबरोबर फोकस हिसकावून घेत होती. बाई टाइप करत राहिल्या, अक्षरं त्या चौकटीवर आपटून नाहीशी होत राहिली. परिच्छेद संपला, बाईंनी एंटर दाबलं, चौकटीला वाटलं 'नंतर' म्हणाल्या, ती निघून गेली. पुढचं सगळं जागच्या जागी. पडदा बघणारा माणूस असता तर त्याला दिसलं असतं. तो माणूस रस्त्याकडे बघत होता.

मी हे सांगितलं. बाईंनी कीबोर्ड दूर सारला. मग म्हणाल्या, "मी बोलत असताना मध्ये तोंड घालायची हिची हिंमत."

"बाई, तुम्हाला आठवतंय ना ते? मग घाला की. तुमची स्मरणशक्ती तर…"

"मला आठवतंय ते माझं झालं," त्या म्हणाल्या. "त्यांनी म्हटलं होतं ते गेलं."

दुसऱ्या दिवशी चाचा कागद न्यायला आले. बाई उठून उभ्या राहिल्या. कोणासाठी उभं राहिलेलं मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. "चाचा, माझ्या यंत्राने तुमचा एक परिच्छेद खाल्ला. शाळेचा. पुन्हा सांगावा लागेल. पण यंत्र सुधारल्याशिवाय मी तुम्हाला त्या खुर्चीत बसवणार नाही."

चाचांचा चेहरा उतरला. ते काही म्हणायला गेले, मान ओढली गेली, मग हातानेच 'असू दे' म्हणून निघाले. त्यांच्याच्याने ते दुसऱ्यांदा सांगणं होणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं. लग्न महिन्यावर आलं होतं.

"तू इंजिनिअर ना?" बाई माझ्याकडे वळल्या. "कर."

मी त्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून त्याजागी लिनक्स ही दुसरी प्रणाली घातली. त्यावर एक साधा, हलका विंडो मॅनेजर बसवला. खिडक्या कुठे उघडायच्या, कोणाला पुढे घ्यायचं आणि टाइप केलेलं कोणाकडे द्यायचं हे ठरवणारा तो प्रोग्राम. त्याचे सगळे नियम आपल्याला लिहून देता येतात. जुन्या मराठी टाइपरायटरवरचा कळांचा क्रम जुळवण्यात दोन सकाळी गेल्या, ते सोडा. खरी गंमत पुढेच होती.

पहिल्यांदा मी माझ्या सवयीचं करून ठेवलं. माउसचा बाण ज्या खिडकीवर असेल तिच्याकडे फोकस. ऑफिसात मी असंच काम करायचे आणि मला त्याचा अभिमान होता. बाई माउसला हातही लावत नसत, त्यामुळे बाण हलण्याचा प्रश्नच नव्हता. भाडेकरार करायला आलेल्या गृहस्थांनी आपली भाजीची पिशवी टेबलावर टेकवली, माउस सरकला, आणि कराराची अर्धी कलमं कॅल्क्युलेटरमध्ये गेली. कॅल्क्युलेटरने शब्द सोडून दिले, आकडे तेवढे घेतले आणि एक उत्तर काढून ठेवलं.

"काय आलं उत्तर?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"हेच भाडं लाव म्हणावं."

मग मी नियम बदलला. फोकस फक्त बाई देतील तेव्हाच हलेल. नवीन कोणतीही खिडकी उघडली तरी ती मागे उभी राहील, तिला एक अक्षरही मिळणार नाही. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी एका घरची सत्यनारायणाची निमंत्रणं छापून गेली आणि यजमानीणबाई ती घेऊन परत आल्या. 'तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा' याच्याखाली स्वच्छ टाइपात छापलं होतं, 'सत्यनारायण सुधारित दोन'. बाईंनी फाइल सेव्ह करायला सांगितलं होतं, नाव विचारणारी चौकट आली होती, पण माझ्या नियमाने तिलाही मागेच उभं केलं होतं. नाव गेलं निमंत्रणात.

"अगं, हिला मीच बोलावलं होतं," बाई म्हणाल्या. "घरचं कोण आणि परकं कोण एवढंही कळत नाही तुझ्या यंत्राला?"

हसू नका, पण तो प्रश्न अगदी बरोबर होता. प्रत्येक खिडकी कोणाच्या पोटची आहे हे त्या प्रोग्रामला माहीत असतं. मी नियम लिहिला की ज्या खिडकीत काम चाललंय तिच्याच पोटची चौकट असेल तर तिला पुढे येऊ दे. बाकी सगळ्यांनी थांबायचं. मग एका खिडकीतून दुसरीत जायच्या किल्लीवरून वाद झाला. नेहमीच्या किल्लीने खिडक्या शेवटच्या वापराच्या क्रमाने येतात, म्हणजे दर वेळी क्रम बदलतो. "रोज पत्ता बदलणाऱ्या माणसाकडे मी जात नाही," बाई म्हणाल्या. म्हणून मजकुराला एक नंबरची किल्ली, पत्त्यांच्या यादीला दोन, छपाईला तीन. कायमची.

"आणि थांबलेल्यांचं काय?" मी विचारलं. "कोणाला खरंच काही सांगायचं असलं तर? तुम्ही तर पडद्याकडे बघत नाही."

"दारावर टकटक करावी आणि उभं राहावं. मी बघेन ओळ संपल्यावर."

मी एक आवाज शोधून लावला. टाइपरायटरवर ओळ संपत आली की वाजायची तशी बारीक घंटी. बाईंना सांगितलं नव्हतं. त्या टाइप करत होत्या आणि मी मागून मुद्दाम एक खिडकी उघडली. टिंग. बाईंचा डावा हात आपोआप उचलला गेला, हवेत गेला आणि टाइपरायटरचा रूळ पुढच्या ओळीसाठी ढकलावा तसा उजवीकडे सरकला. तिथे ढकलायला काही नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला. मग त्या त्या हाताकडे बघून हसल्या. बाईंना मोठ्याने हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

"बारा वर्षांनी," त्या म्हणाल्या, "आणि तरी वेळेवर."

सकाळभर मी त्यांच्या मागे बसून खिडक्यांवर खिडक्या उघडत राहिले आणि त्या वर्तमानपत्राचा अग्रलेख टाइप करत राहिल्या. एक अक्षर इकडचं तिकडे गेलं नाही. बाईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "जा. चाचांना बोलाव."

मी आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसावं असं ठरलं, यंत्राने काही खोडी काढलीच तर. चाचांनी त्याला मान हलवून परवानगी दिली. त्यांनी खुर्ची रस्त्याकडे वळवली. बाईंनी बोटं कळांवर ठेवली.

पहिली बरीच मिनिटं काहीच नाही. बाहेरून कोथिंबीरवाली गेली. मग चाचा हळू आवाजात बोलू लागले. एकेक तुकडा, मध्ये लांब खंड, आणि प्रत्येक तुकड्यानंतर कळांचा आवाज.

"तू पाचवीत होता. पालकांना शाळेत बोलावलं होतं. तुला वाटतं मी आलो नाही. मी आलो होतो. दुकान बंद करून, पांढरा सदरा घालून. वर्गाबाहेर जिन्यात उभा होतो. मला आतलं दिसत होतं. तुझ्या वर्गाच्या बाईंनी तुझं नाव घेतलं आणि विचारलं, पालक आलेत का. तू दाराकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, ह…"

तिथे अडलं.

मला उंबऱ्यावरून चाचांची पाठ दिसत होती. मान डावीकडे ओढली गेली होती, खांदा वर आला होता. "ह…" शब्द कोणता ते मला कळलं होतं. माझ्या तोंडात तो तयार होता. तो आत ठेवायला मला माझे ओठ दाताखाली धरावे लागले. बाई भिंतीकडे बघत होत्या. त्यांची पाठ ताठ, बोटं कळांवर, हलत नव्हती.

तेवढ्यात टिंग झालं. कुठलीतरी खिडकी आली असणार. चाचा दचकले, मान वळवून अर्धवट मागे बघू लागले. मला वाटलं, संपलं. बाईंनी मानही हलवली नाही. जणू काही वाजलंच नव्हतं, आणि जगात त्या एका शब्दाखेरीज त्यांना दुसरं कशाचंच काम नव्हतं.

चाचा पुन्हा रस्त्याकडे वळले. किती वेळ गेला कोण जाणे. एक रिक्षा येऊन थांबली, कोणी उतरलं, सुट्ट्या पैशांवरून बोलाचाली झाली, रिक्षा गेली.

"…हजर," चाचा म्हणाले.

कळा वाजल्या.

"तोवर बाई पुढच्या पोराकडे गेल्या होत्या. तू दाराकडे बघायचं थांबवलं. मी जिना उतरलो. नंतर मी कुठे आलो नाही. मला वाटलं, न येणारा बाप बरा, पोरं हसतील असा बाप नको. एवढंच."

ते उठले, बाईंना हात जोडले आणि गेले. मी पडद्याशी आले. ओळन् ओळ जागेवर होती. वाचायला लागले तर बाई म्हणाल्या, "आज वाचून दाखवू नकोस. नुसतं आहे का सांग."

"आहे."

त्यानंतर आठवड्याभराने चाचांचा मुलगा आला. पाठीला लॅपटॉपची पिशवी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. हिंजवडीच्या बसमधून उतरून थेट आला असावा. बाई एका अर्जात होत्या. तो दारात उभा राहिला. ओळ संपली.

"हं, बोला."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मॅडम, हे तुम्ही टाइप केलंय ना? एक विचारायचं होतं. इथे बघा. 'हजर'च्या आधी दोनदा नुसता 'ह' आलाय. म्हणजे… टायपिंग मिस्टेक आहे का?"

"माझ्याकडून चूक होत नाही," बाई म्हणाल्या. "जे ऐकलं ते टाइप केलं."

तो कागदाकडे बघत राहिला. मी आत बाईंच्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ऐकत होते. त्याने विचारलं, "मग… हे बोलायला त्यांना किती वेळ लागला?"

"मी घड्याळ लावून बसत नाही. लागला तेवढा लागला."

तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. चष्मा काढून पुसू लागला, पुन्हा पुन्हा पुसत राहिला. बाईंनी त्याला बसू दिलं. मग म्हणाल्या, "चहा देते. पण तुम्हाला जे काही म्हणायचंय ते माझ्याकडे टाइप करून घ्यायला आला असाल तर मी घेणार नाही. ते दुकानात आहेत. चालत दोन मिनिटं."

चहा न घेताच तो गेला.

बाप-लेकांत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, आणि बाईंनी मला विचारूही दिलं नाही. लग्नाला मात्र आम्ही दोघी गेलो. मामू मागच्या रांगेत होते. पुढे चाचा, नवीकोरी शेरवानी घातलेले, आणि शेजारी मुलगा. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत चाचाच करत होते. रांग बरीच लांबली होती. मागचे लोक चुळबुळत होते. मुलगा शांत उभा होता. घरी येताना बसमध्ये बाईंची बोटं पर्सवर हलत नव्हती, हे मला आठवतं, कारण मी विचारलं, आणि त्या म्हणाल्या, "आज सुट्टी घेतली."

पुढे मी नोकरी बदलली, लग्न झालं, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. हडपसरला जाणं कमी होत गेलं. बाईंची बोटं आखडायला लागली तेव्हा त्यांनी खोली स्वतःहून बंद केली. कॉम्प्युटर गल्लीतल्या एका मुलीला देऊन टाकला आणि वर बजावलं की नियम बदलायचे नाहीत. फोन केला की त्या फार बोलायच्या नाहीत. मी बोलायचे, त्या ऐकायच्या, आणि मी थांबले की थोडं थांबून विचारायच्या, "संपलं?" तेव्हा मला तो तिरकसपणा वाटायचा. आता वाटतं, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं असायचं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. पुतण्याचा फोन आला. गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा होती. मी पोचले तेव्हा भाषणं सुरू झाली होती. मंडळाचे अध्यक्ष बाईंच्या शिस्तीवर बोलले. बुधवार पेठेतल्या क्लासची एक जुनी विद्यार्थिनी आली होती, आता तीही निवृत्त. ती बोलता बोलता रडली. पुतण्याने सर्वांचे आभार मानले. अध्यक्ष म्हणाले, आता दोन मिनिटं शांतता पाळू या.

तेव्हा मधल्या रांगेतून चाचा उठले.

गल्लीतल्या कोणीच त्यांना सभेत उठून बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, चाचा बाहेर निघालेत. दोघांनी पाय आखडून वाट करून दिली. पण चाचा निघाले नव्हते. ते उभेच होते, एक हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. केस पूर्ण पांढरे झाले होते. सगळे वळून बघायला लागले आणि त्यांची मान डावीकडे ओढली जाऊ लागली.

"ह्या बा… ह्या बाईंनी…"

तिथेच शब्द थांबला. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज होता. चाचांचे डोळे मिटलेले, ओठ थरथरत होते. अध्यक्ष भला माणूस, त्याला राहवेना. तो पुढे झुकला आणि म्हणाला, "मदत? बाईंनी तुम्हाला मदत केली, असंच ना चाचा?" अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या चाचांच्या मुलाने हळूच त्यांच्या दंडावर हात ठेवला. अध्यक्ष मागे टेकले.

आम्ही सगळे थांबलो. खूप वेळ थांबलो.

"ह्या बाईंनी," चाचा म्हणाले, "माझं वाक्य… कधी… पुरं केलं नाही."

आणि खाली बसले.